नांदायला गेलेली पुस्तकं

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही शेवटपर्यंत कळलं नाही. "ती लायब्ररीत आहे," असं ती सगळ्यांना सांगायची. मग लग्नकार्यात भेटलेले लोक मला म्हणायचे, "येताना एखादी चांगली कादंबरी आणायची की." मी लायब्ररीत नव्हते, लायब्रऱ्या तपासायला जायचे. या दोन्हींत भाकरी करणारी आणि भाकरी किती झाल्या हे मोजणारी एवढा फरक आहे, आणि मोजणारीला कुणी जेवायला बोलवत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गावोगावची सार्वजनिक वाचनालयं तिथल्या संस्था चालवतात आणि सरकार त्यांना दरवर्षी अनुदान देतं. पुस्तकं किती, वर्तमानपत्रं किती, सभासद किती, त्यावरून दर्जा ठरतो. जे कागदावर लिहिलंय ते कपाटात आहे का, हे बघायला जिल्ह्याच्या ग्रंथालय कार्यालयातून जो माणूस येतो, तो मी. आधी नांदेड, मग बदलीवर लातूर, शेवटची वर्षं पुन्हा नांदेड. माणूस म्हणजे पुरुष, अशीच सगळ्यांची समजूत होती. एस.टी.तून मी उतरले तरी स्वागताला आलेले अध्यक्ष माझ्या मागं बघत राहायचे, साहेब अजून उतरले नाहीत म्हणून. एकदा एका सचिवांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, साहेबांना चहा चालतो का कॉफी?" मी म्हटलं, चहा चालतो, आणि प्याले.

मी कडक होते. याबद्दल मला पश्चात्ताप नाही, निदान फारसा नाही. माझ्या वडिलांनी मिलमध्ये डाळीची पोती उचलली आणि संध्याकाळी वाचनालयात बसून पेपर वाचला. घरी पेपर घेणं परवडत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या कितीतरी जणांचं शिक्षण तशा एका बाकावर झालेलं आहे. त्यामुळं वाचनालयाच्या नावावर कुणी खोटी पुस्तकं दाखवली की माझं डोकं तापायचं. एका ठिकाणी तर एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती चाळीस वेगवेगळ्या नावांनी नोंदवलेल्या मी शोधून काढल्या होत्या.

मग काही वर्षांपूर्वी वाचनालयांत संगणक आणायची योजना आली आणि माझं काम बदललं. योजना तशी सोपी. पहिल्या हप्त्यात संगणक, प्रिंटर आणि ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. त्यात सगळी पुस्तकं नि सभासद भरायचे. मग आम्ही जाऊन पडताळणी करायची, संगणकातलं पुस्तक कपाटात सापडलं पाहिजे. सापडलं की दुसरा हप्ता, आणि त्यातून पुस्तकांची यादी इंटरनेटवर टाकायची, म्हणजे कुणालाही घरबसल्या मोबाइलवर दिसेल. कागदावर किती छान वाटतं.

प्रत्यक्षात लातूरला एका वाचनालयानं मला प्रस्ताव दिला त्यात संगणकांपेक्षा विजेच्या एक्स्टेंशन बोर्डांची संख्या जास्त होती. मी ग्रंथपालांना विचारलं, हे काय. ते म्हणाले, "मॅडम, क्लासेसची दोनशे लेकरं अभ्यासाला येतात. त्यांना संगणक नको हाय, चार्जिंग पाहिजे. परवा एका प्लगवरून मारामाऱ्या झाल्या." योजनेत प्लगला रकाना नव्हता. मी त्यांना 'विद्युत पूरक व्यवस्था' असं लिहायला सांगितलं आणि ते मंजूर झालं. आणखी एका गावी संगणकाला दसऱ्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं, ते कीबोर्डच्या फटीत बसून त्याचं 'अ' हे अक्षर उठेनासं झालं होतं. तिथल्या ग्रंथपालांनी नावात अ नसलेली पुस्तकं आधी भरायला घेतली होती. मी रागावायला गेले होते, पण हसू आलं आणि राग राहून गेला.

आता मुख्य गोष्ट. ती सांगितल्याशिवाय या लेखाला काही अर्थ नाही, आणि ती सांगताना मला माझीच तपासणी करावी लागणार आहे.

देगलूर तालुक्यात एक गाव आहे. तेलंगणाची हद्द इतकी जवळ की बाजारात मराठीत भाव विचारावा आणि तेलुगूत उत्तर घ्यावं. तिथल्या वाचनालयाचे ग्रंथपाल व्यंकटराव. बारीक चणीचे, पांढरा शर्ट, खिशाला एक निळं पेन आणि एक शिसपेन्सिल. एकतीस वर्षं ते एकटेच वाचनालय उघडत होते आणि एकटेच बंद करत होते. वर्षभरात ते निवृत्त होणार होते. त्यांच्या वाचनालयाचा संगणक कपड्यात झाकून ठेवलेला नव्हता, हेच मला पहिल्यांदा आवडलं. त्यांनी एका बोटानं टाइप करत पुस्तक न् पुस्तक भरलं होतं.

मी पडताळणीला गेले त्या दिवशी व्यंकटराव खिशातली पेन्सिल सारखी काढत-घालत होते. मी सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं, 'मुदत संपलेली पुस्तकं' असं. पडद्यावर यादी आली. एकसष्ट पुस्तकं. काही पंधरा वर्षांपासून बाहेर, काही पंचवीस.

असं कधी दिसत नाही. जुन्या देवघेव रजिस्टरांत अशी पुस्तकं पानोपानी विखुरलेली असतात, एक इथं, एक तिथं. आम्ही तपासनीस पण दहा-वीस पानं चाळतो आणि सही करतो. संगणकानं एकतीस वर्षं एका पडद्यावर गोळा करून माझ्यासमोर ठेवली. मी जुनी रजिस्टरं मागवली. प्रत्येक नोंदीत 'परत दिनांक' या रकान्यात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला होता. नांदते.

"व्यंकटराव, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मॅडम, ती पुस्तकं हरवली न्हाईत. ती नांदायला गेलीत."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक मुलगी हळदीच्या आदल्या दिवशी पुस्तक परत करायला आली. पुस्तकात खूण घातलेली होती, अर्ध्यावर. आता मला कधी वाचायला मिळेल, असं म्हणून ती रडायला लागली. व्यंकटराव म्हणाले, "घेऊन जा. वाचून झालं की दे." ती घेऊन गेली. ते गावभर झालं. पुढच्या लगीनसराईत दुसरी आली. मग रीतच पडली. गावातल्या वाचणाऱ्या पोरीचं लग्न ठरलं की तिचा बाप वाचनालयात पत्रिका आणून द्यायचा, आणि पोरगी यायची नि हव्या त्या कपाटातलं हवं ते एक पुस्तक उचलायची. मराठ्यांची पोरगी असो, बौद्धवाड्यातली असो, की मोमिनांची, एक पुस्तक. व्यंकटराव नोंद करायचे आणि रकान्यात पेन्सिलीनं लिहायचे.

ऐकताना ती रीत मला आवडली, हे मी आज कबूल करते. त्या दिवशी केलं नाही. मी नियम काढला. हरवलेल्या पुस्तकाला ग्रंथपाल जबाबदार. एकसष्ट पुस्तकं गहाळ असा शेरा मी लिहिला तर दुसरा हप्ता गेला, आणि व्यंकटरावांची एकतीस वर्षांची नोकरी त्या शेऱ्यानं संपणार होती. न लिहिला तर मी खोटा अहवाल दिला. मी त्यांना म्हटलं, एकच मार्ग आहे, सगळ्यांना स्मरणपत्रं पाठवा. पुस्तकं परत आली की प्रश्न मिटला.

"न्हाई मॅडम," ते म्हणाले. "दिलेलं मागं घेऊ नये. लेकीला तर मुळीच न्हाई."

"तुम्ही दिलेलं नाही व्यंकटराव. पुस्तक संस्थेचं आहे."

त्यांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. माझ्यासारख्या बाईशी वाद घालून उपयोग नाही, हे त्यांना एकतीस वर्षांच्या तपासण्यांनी शिकवलं असावं. सॉफ्टवेअरनं प्रत्येक सभासदाचा पत्ता सक्तीनं मागितला होता आणि व्यंकटरावांनी तो भरलाही होता. त्यांनी सगळ्या लग्नपत्रिका एका ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, त्यावरून सासरचे पत्ते काढले होते. प्रामाणिक माणसाची अडचण ही असते की तो रकाना मोकळा सोडत नाही. स्मरणपत्राचा मजकूर सॉफ्टवेअरमध्ये तयारच होता: सात दिवसांत पुस्तक जमा न केल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल. एक बटण दाबलं की एकसष्ट पत्रं. मला तेव्हा त्या यंत्राचं कौतुक वाटलं होतं. बटण मीच दाबलं.

चूक कुठं झाली ते वाचणाऱ्या बायकांच्या लक्षात आलंच असेल. पत्रांवर नाव माहेरचं होतं. रजिस्टरात जसं होतं तसंच, कुमारी अमुक तमुक. आणि पत्ता सासरचा. पोस्टमननं दारात उभं राहून मोठ्यानं विचारायचं, कुमारी संगीता कोण हो इथं, तिच्यावर सरकारी कारवाई आहे.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा व्यंकटरावांच्या टेबलावर पाच-सहा पुस्तकं पोस्टानं आलेली पडली होती, चिठ्ठी नाही, काही नाही. मी पोचले त्याच वेळी एक सत्तरीचे गृहस्थ आत आले. डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी. उदगीरच्या पलीकडून, कर्नाटकाला लागून असलेल्या गावातून ते दोन गाड्या बदलून आले होते. पत्र गेलेल्यांपैकी संगीता नावाच्या मुलीचे सासरे, काशिनाथ मामा. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पुस्तकाला जुन्या लुगड्याच्या काठाचं कव्हर शिवलेलं होतं.

"हे घ्या तुमचं," ते म्हणाले. "आमच्या घरात कुणाला कधी नोटीस आली न्हाई. गावात इज्जत हाय आमची. सुनेच्या नावावर चोरीचा कागद यावा, हे लई वाईट झालं."

"चोरी न्हाई हो मामा," व्यंकटराव उठून उभे राहिले. "तिला मी दिलतं. हातानं दिलतं."

"मंग कागद कामून पाठवला?"

व्यंकटरावांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझी चूक झाली," असं म्हणाले. माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली आणि मी खुर्चीत बसून राहिले. मामा पाणीही न पिता निघून गेले. नोकरीत मला अनेकदा लाज वाटली, पण तेवढी नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत नरसीला चहाला थांबल्यावर मी नियमांचं पुस्तक काढलं. आजवर ते मी काय करता येत नाही हे बघायला वापरत आले होते, त्या दिवशी काय करता येतं हे बघायला उघडलं. सभासदांचे प्रकार आणि पुस्तकाची मुदत ठरवायचा अधिकार संस्थेच्या कार्यकारिणीला आहे, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. इतकी वर्षं मी ते वाक्य ओलांडून पुढं जात होते.

पुढच्या बैठकीत कार्यकारिणीनं ठराव केला. प्रौढ, बाल, आजीव यांच्या जोडीला सभासदांचा एक नवा प्रकार: माहेरवाशीण. सॉफ्टवेअरनं विचारलं, मुदत किती दिवस? त्या रकान्यात चारच आकडे मावत होते. व्यंकटरावांनी एका बोटानं चार वेळा नऊ दाबला. म्हणजे सत्तावीस वर्षांच्या वर. "बास होईल," ते म्हणाले. "तवर नाती वाचतील."

पण पुस्तक खरंच आहे, हे बघितल्याशिवाय मी सही करणार नव्हते. तेवढा कडकपणा मी सोडला नाही. मग पडताळणीची तारीख नागपंचमीला ठेवली, त्या दिवशी लेकी माहेरी येतातच. व्यंकटरावांनी घरोघरी जाऊन निरोप दिला, या वेळी कागद नाही. पंचमीच्या सकाळी वाचनालयाच्या दारात नव्या साड्यांची रांग लागली. मी टेबलाशी बसून प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक बघत होते आणि त्या बायका माझ्याकडं संशयानं बघत होत्या. एकीनं पुस्तक हातात दिलंच नाही, स्वतःच्या हातात धरून पान उलटून दाखवलं. एकीच्या पुस्तकाला मुलाचं दूध सांडल्याचा डाग होता, ती आधीच म्हणाली, "धुवायला गेले तर आनिक पसरलं बगा." हैदराबादला असलेल्या तिघींनी मोबाइलवर फोटो पाठवले, शिक्का दिसेल असे. दोन पुस्तकं खरोखरच पुरात गेली होती, ती मी गहाळ लिहिली. पोस्टानं आलेली जिची तिला परत गेली. त्या दिवशी मी जेवायला व्यंकटरावांच्या घरी होते. मोजणारीला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं, आणि पुरणाची दिंडं फार चांगली होती.

संगीता मात्र आली नाही. त्या वर्षी तिला माहेरी धाडलंच नाही, असं तिच्या आईनं सांगितलं. लुगड्याच्या काठातलं पुस्तक व्यंकटरावांच्या कपाटात राहिलं.

अहवाल गेला, दुसरा हप्ता आला, यादी इंटरनेटवर चढली. व्यंकटराव सत्कार घेऊन निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी मीही झाले. निरोप समारंभात मला शाल मिळाली, घड्याळ मिळालं, नि भाषणांत 'शिस्तप्रिय' हा शब्द बऱ्याच वेळा मिळाला. घरी आल्यावर मला झोप लागायला काहीच अडचण नव्हती, एक ते पुस्तक सोडलं तर. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या गावी जाऊन व्यंकटरावांना घेतलं, नव्या ग्रंथपालबाईंकडून पुस्तक रीतसर नोंद करून घेतलं आणि आम्ही दोघं उदगीरची गाडी धरली. आता मी कुणाची मॅडम नव्हते. कुणी दारातून परत पाठवलं असतं तरी बोलायला जागा नव्हती.

काशिनाथ मामा ओसरीवर होते. मी चप्पल काढली आणि उभ्यानंच सांगून टाकलं, "मामा, तो कागद यांनी नाही, मी पाठवला होता. तुमच्या सुनेनं काही चोरलेलं नव्हतं. मी माफी मागायला आले आहे."

त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग आत तोंड करून म्हणाले, "संगीता, पानी आन. देगलूरकडचे पाव्हने आलेत." आणि मला म्हणाले, "बसा. तवा मी पानी पिलो न्हाई, तुमी तरी प्या."

संगीता बाहेर आली. चाळिशीची, चेहऱ्यावर घाम, हाताला पीठ. व्यंकटरावांना बघून ती वाकली. मी पुस्तक पुढं केलं. मनात मी हा प्रसंग शंभरदा बघितला होता. ती पुस्तक छातीशी धरेल, डोळे पुसेल, असं काहीतरी. तिनं पदराला हात पुसले, पुस्तक घेतलं, कव्हरवरून बोट फिरवलं आणि संकोचून व्यंकटरावांकडं बघितलं.

"सर, एक बोलू का? राग येनार न्हाई ना?"

"बोल की बाई."

"हे मला समदं पाठ हाय. अठरा वर्षं झाली. हितं दुसरं काईच न्हाई वाचायला." ती थांबली. "येताना दुसरं आनलं असतं तर बरं झालं असतं."

व्यंकटरावांनी चष्मा काढला. तो पुसायचं विसरून हातातच धरून बसले. "विचारायचंच ऱ्हायलं," ते मला हळूच म्हणाले. "येवड्या वर्षांत एकीला बी न्हाई विचारलं. दिलं, आन् मोकळा झालो." मी तर तिचं एकच पुस्तक परत मागवलं होतं आणि आता तेच परत देऊन माझं मन हलकं करायला आले होते. ते वाचायचं असतं आणि वाचून संपतं, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी मोबाइल काढला, वाचनालयाची यादी उघडली आणि तिच्या हातात दिली. "यातलं कुठलं पाहिजे ते सांग. वाचून झालं की पुढचं. आणून द्यायची जबाबदारी माझी, मला आता दुसरं काम नाही."

ती उंबऱ्यावर बसली. बोटानं यादी वर सरकवत, ओठ हलवत, एकेक नाव वाचू लागली. चूल विझली असेल, पीठ वाळलं असेल. मामांनी दोनदा सांगितलं, "लवकर बग गं, त्यांची शेवटची गाडी हाय." तिनं मान वर केली नाही. 'क' पर्यंत पोचली होती, पुढं सगळं बाकी होतं. फाट्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला, व्यंकटरावांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी त्यांना खुणेनं म्हटलं, जाऊ द्या.